बॉनेटवरची दुसरी थाप

ही जीप घेण्यात पुंडलिकराव आवारींचा फायदा काय होता, ते आधी बघू. भूत कुठं भेटलं हे सगळेच सांगतात. माणूस तिथं कशाच्या आशेनं गेला होता, ते कोणी सांगत नाही.

पहिला फायदा, नाल्यापलीकडचं शेत. मुकुटबनकडची काळी माती अशी, की दोन सरी पडल्या की बैलाचा खूरही आत राहतो. त्या शेतात पुंडलिकरावांची अख्खी पऱ्हाटी, म्हणजे कापूस, उभी होती आणि नाला ओलांडायला चांगली गाडी नव्हती.

दुसरा फायदा म्हणजे पिंटू.

पिंटू हा त्यांचा साळा, बायकोचा म्हणजे वच्छलाबाईंचा धाकटा भाऊ. त्यानं नवीकोरी, उंच, काळ्या काचांची गाडी घेतली होती. बहिणीकडे आला की ती दाराच्या अशी समोर लावायचा, की घरातून निघणाऱ्याला तिला प्रदक्षिणा घालूनच जावं लागे. ती गाडी एकदा चिखलात रुतावी, आणि आपण ती जुन्या जीपनं ओढून काढावी... सगळ्या सोयऱ्यांच्या देखत. एवढं एक सुख पुंडलिकरावांना हवं होतं.

तिसरा फायदा त्यांनी धरलाच नव्हता. तो जीपसोबत फुकट आला.

गोष्ट त्याचीच आहे, आणि घडलेली आहे. नाला जागेवर आहे. जीप जागेवर आहे. वच्छलाबाईंचं डावं मनगट कोणालाही बघता येतं. घडलं ते मागच्या ऑक्टोबरात, परतीचा पाऊस रेंगाळला होता तेव्हा... आणि भर दुपारी. अमावस्येच्या रात्रीची वाट बघत बसलेल्यांनी इथंच थांबावं.

जीप राजूरच्या एका कोळसा ठेकेदाराकडची. किती वर्षं शेडमागं उभी होती, कोणास ठाऊक. सीटमधून गवत उगवलं होतं. ठेकेदारानं किंमत सांगितली, पुंडलिकरावांनी त्याच्या निम्मी सांगितली, आणि तो घासाघीस न करता हो म्हणाला.

तिथंच खटकायला हवं होतं. पण स्वस्त मिळालेलं कोणाला खटकतं?

टोचन करून जीप पांढरकवड्याला आणली. केळापूर रोडवर जहीर मिस्त्रीचं गॅरेज. जुन्या जीपांना हात लावणारा त्या भागात तोच उरला होता. बाकीच्यांना आता कॉम्प्युटर लावल्याशिवाय गाडीचं दुखणं कळत नाही.

जहीर इंजिन खोलायचा आणि पुंडलिकराव समोर स्टूल टाकून बसायचे. नजर एकेका नटावर.

"जहीरभाऊ, जुना माल पूरा पोत्यात भरजो. बेअरिंग, सील, वायसर, सारं."

"काकाजी, तुटक्या वायसरचं काय लोणचं घालता?"

"घालीन, नाही त उसात पेरीन. माह्यं वायसर हाये."

जहीर हसला. ही रीत त्याला नवी नव्हती. आपल्याकडं गिऱ्हाईक जुने पार्ट मागून नेतंच. घरी नेऊन त्याचं काही करत नाही, पण मिस्त्रीनं न बदलताच बदललं असं सांगितलं तर? म्हणून पोतं. प्रत्येक घरात असं एक पोतं असतं.

इंजिन निघालं. स्प्रिंगचे पाटे बदलले. काम आलं पुढच्या चाकांवर.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला लागेल. जुन्या जीपला फोर-व्हील लावायचं तर गिअरजवळचा छोटा दांडा ओढून भागत नाही. कोणीतरी खाली उतरावं लागतं. पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध हब असतं, त्याच्यावर मुठीएवढी चकती. ती हातानं फिरवून लॉक करायची. आधी एका बाजूची, मग दुसऱ्या. तेव्हा कुठं पुढची चाकं जोर घेतात. म्हणजे चिखलात एक माणूस स्टिअरिंगवर लागतो आणि एक चाकापाशी.

उजवं हब निघालं. डावं निघेना.

जहीरनं डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, कशीबशी चकती मोकळी केली. जेवायला गेला. आला तर...

चकती लॉक.

"काकाजी, हात लावला काय?"

"मी कायले लावू? मी डोळा लावून बसलो होतो."

जहीरनं पुन्हा मोकळी केली. पान्हा घ्यायला वळला.

मागं आवाज झाला...

कट्.

वळून पाहिलं. लॉक. चाकापाशी कोणी नव्हतं. ऊन मात्र रणरणत होतं.

 जहीर खाली बसला आणि ते हब पूर्ण खोललं. आत डांबरासारखं काळं, जुनं ग्रीस. त्या काळ्यात काहीतरी पांढरं होतं. त्यानं बोटानं पुसलं.

बांगडीचा तुकडा. काचेचा नव्हे. जाड, पांढरा, बोटभर रुंद. तांड्यावरच्या म्हाताऱ्या बाया दंडापर्यंत घालतात, तसल्या बांगडीचा.

जहीरनं तो पुसलेला तुकडा पुन्हा ग्रीसमध्ये जसाच्या तसा दाबला.

"काकाजी, डावं हब मी दुसरं लावून देतो. माह्याकडं पडेल आहे एक, पैसे नोका देऊ. पन हे जुनं इथंच राहू द्या."

"काहून?"

"उस्तादची रीत होती. गाडीनं काही घेतलं असन, त ज्या पार्टनं घेतलं थो गिऱ्हाईकाच्या घरी जाऊ द्यायचा नाही. गाडून टाकायचा."

पुंडलिकरावांनी हब हातात तोललं. चांगलं जड होतं. चकती पितळेची. आणि मिस्त्री दुसरं हब फुकट देतोय.

फुकट! मग ह्यात काहीतरी असणारच.

"जहीरभाऊ," ते म्हणाले, "मी म्हातारा झालो, येडा नाही झालो. टाक पोत्यात."

जहीरनं टाकलं आणि गाडीला दुसरं हब लावलं. पोत्याचं तोंड बांधता बांधता म्हणाला,

"मंग एक करा. पोतं काकीच्या हाताखाली नोका ठेवू."

पुंडलिकरावांनी पोतं डाव्या सीटच्या मागं ठेवलं. वच्छलाबाई त्याच सीटवर बसायच्या.

जीप गावात आली तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले गेले. आणि पहिल्याच पावसानंतर प्रश्न उभा राहिला. चाकापाशी उतरायचं कोणी?

पुंडलिकरावांचे गुडघे दुखायचे. गुडघे म्हणजे मोठे हुशार. चावडीवर जाताना दुखत नसत, चिखल दिसला की दुखत.

"मीच उतरतो, दुसरं कोण हाये!" वच्छलाबाई म्हणाल्या. पदर खोचला, चपला जीपमध्ये काढून ठेवल्या आणि उतरल्या. "तुमी बसा राजावानी."

"खुणेचं ध्यानात ठेवजो. एस्टीचा कंडक्टर घंटी मारते, तसं. बॉनेटवर एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चाल."

"मले नोका शिकवू. जल्म गेला तुमाले थांब आन् चाल म्हणण्यात."

बाई खाली वाकली. चाक उंच, वाकलेलं माणूस वरून दिसत नाही. पुंडलिकराव स्टिअरिंग धरून बसले.

आणि...

थप्प.

डावीकडून. एकच.

"काय झालं व?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"कायचं काय?" आवाज उजवीकडून आला. "हे फिरवून राह्यली ना मी इकडची चकती!"

"मंग थाप कायले मारली?"

वच्छलाबाई उजव्या चाकापासून उठल्या. कोपरापर्यंत चिखल. "मी कुठी मारली? माह्ये हात त हे पाहा."

पुंडलिकरावांनी बॉनेटकडं पाहिलं. हिरवा रंग स्वच्छ होता. चिखलाचा ठिपका नव्हता.

इंजिन तापतं, पत्रा वाजतो, त्यांनी स्वतःला सांगितलं. बाई पुढून फिरून डाव्या चाकाशी गेली आणि तिथूनच ओरडली.

"अहो! इकडची त लागेलच आहे!"

डावी चकती लॉक होती.

शहाण्या माणसानं त्याच दिवशी जीप ठेकेदाराच्या दारात नेऊन उभी केली असती. पण असं दुसऱ्यांदा झालं, तिसऱ्यांदा झालं, आणि त्याचं भय वाटण्याऐवजी सवय झाली. बाई उतरायची, उजवी चकती फिरवायची. तोवर डावीकडून एक थाप यायची. डावी चकती लागलेली असायची. बाई बॉनेटवर दोन थापा मारायची, जीप निघायची.

निम्मं काम वाचलं. चिखलातून पलीकडं जायचं वाचलं. पुंडलिकरावांनी मनातल्या मनात मांडलं... एक मजूर. रोजी नाही, चहा नाही, कटकट नाही.

हाच तो तिसरा फायदा.

"आपल्याले काय करा लागते?" ते बायकोला म्हणाले. "कोणी करून देऊन राह्यलं, त करू दे."

 वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमाले एक ऐकू येते काय? थापेच्या मागून?"

"काय?"

"बांगड्या वाजतात."

"तुह्याच असतीन."

बाईनं दोन्ही हात हलवले. हिरवा चुडा किणकिणला.

"ह्या अशा वाजतात. थ्या... तशा नाही वाजत."

पुढच्या वेळी पुंडलिकरावांनी कान दिला. थप्प... आणि तिच्यामागं, अगदी हळू, खट्-खट्. लाकडावर लाकूड आपटावं तसं. काच नव्हेच.

उतरून त्यांनी डाव्या चाकापाशी पाहिलं नाही. गुडघे दुखत होते. बसल्या जागेवरून मान वाकवून पाहिलं, तेवढंच. उजव्या चाकाशी वच्छलाबाईंची पावलं उमटली होती. डाव्या चाकापाशी चिखल कोरा होता.

पाऊल नाही. काहीच नाही.

मग मात्र ते राजूरला गेले.

ठेकेदार भेटला नाही. कोळशाच्या रस्त्यावर बेबीताईंची चहाची टपरी आहे, तिथं बसले आणि जीपचा विषय काढला. बेबीताईंनी गाळणी खाली ठेवली.

"हिरवी? ठेकेदाराची?" आवाज उतरला त्यांचा. "तुमी घेतली काय थे?"

"काहून?"

बेबीताईंनी नुसत्या हनुवटीनं टपरीबाहेरचं बाकडं दाखवलं. एक वाळलेला माणूस बसला होता. हातात रिकामा ग्लास. नजर रस्त्यावर.

"रामलाल. थोच चालवे. त्याची बायको बिजलीबाई संगं राहे. तांड्यावरची. दंडापासून मनगटापर्यंत पांढऱ्या बांगड्या. अशी हसे, का टपरी हाले माही. नाल्यात जीप अडली का थे उतरे, चाकाचं करे, बॉनेटवर थाप मारे."

पुंडलिकरावांचा चहा हातातच राहिला.

"त्या दिवशी उतरली. उजवीकडचं केलं. डावीकडं गेली. एक थाप देली. म्हणजे थांब. हा थांबला. लय येळ थांबला. मागून ट्रकवाले हॉर्न मारून राह्यले, शिव्या देऊन राह्यले. दुसरी थाप येईच ना. याले वाटलं, विसरली असन. यानं सोडला क्लच."

बेबीताईंनी गाळणी उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाल्या, "हात अडकला होता तिचा. चाकात."

रामलाल ऐकत होता का, कळत नव्हतं. पुंडलिकराव उठले तसा तो पहिल्यांदा वळला. त्यानं एकच प्रश्न विचारला.

"दुसरी देली का तिनं?"

"नाही," पुंडलिकराव म्हणाले. आपण हे उत्तर का दिलं, हे त्यांनाच कळेना.

रामलालनं मान हलवली आणि पुन्हा रस्त्याकडं बघू लागला. बसची वाट बघणारा माणूस बघतो, तसा.

घरी येताना पुंडलिकरावांनी ठरवलं, जीप विकायची.

पण सीतादही तोंडावर आली होती. कापसाची पहिली वेचणी सुरू करायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य असतो, लेकीसुना जमतात, सोयरे येतात. पिंटू येणार होता, नव्या गाडीनं. आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता.

आता तुम्हीच सांगा. ज्या दिवसासाठी जीप घेतली, त्याच्या आदल्या दिवशी कोण विकतं?

वच्छलाबाईंना त्यांनी राजूरचं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर त्या उतरल्या नसत्या.

दुपार होती. आभाळ भरलेलं. जीप आधीच पार होऊन, चकत्या सोडून, पलीकडच्या काठावर उभी होती. सोयरे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येऊन बांधावर पोचले होते, दहीभाताच्या पातेल्यावर फडकं झाकून. आणि नाल्याच्या मधोमध, अगदी मनासारखी, पिंटूची काळी गाडी रुतली. चाकं गरगर फिरली, चिखल काचांवर उडाला, गाडी पोटापर्यंत खाली बसली.

पुंडलिकरावांना इतका आनंद लेकाच्या लग्नातही झाला नव्हता.

"काय पिंटूशेठ! विमान उतरवलं काय?"

"भाऊजी, बोलू नोका, ओढा!"

"ओढतो ना बापा. जुनी हाये आमची. पाहू जमते का तिले."

मागं साखळी लागली. बांधावर सगळे उभे राहिले. पोरं मोबाईल काढून तयार. पुंडलिकराव स्टिअरिंगवर बसले, वच्छलाबाई पदर खोचून खाली उतरल्या. त्या नेहमीसारख्या उजव्या चाकापाशी वाकल्या, मग कधी नव्हे त्या पुढून डावीकडं गेलेल्या दिसल्या. आज ओझं जास्त आहे, बघून घेत असेल, पुंडलिकरावांना वाटलं.

त्या वाकल्या. दिसेनाशा झाल्या.

थप्प.

एक.

पुंडलिकराव थांबले.

"झालं काय व?"

उत्तर नाही.

नाल्यात पाणी थोडं चढत होतं. वर कुठंतरी पाऊस सुरू असणार. मागून पिंटूनं हॉर्न वाजवला.

"भाऊजी! जीपले झोप लागली काय?"

बांधावर हसू फुटलं. पुंडलिकरावांच्या कानशिलांवर ते हसू तापल्या पत्र्यासारखं लागलं. पिंटूनं पुन्हा हॉर्न दाबला. लांब. सोडेचना.

मागून हॉर्न... एक थाप... आणि दुसरी येत नाही.

हे आपण कुठं ऐकलंय? त्यांना आठवायला लागलं, आणि तेवढ्यात...

थप्प.

दुसरी.

एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. पायाला ठाऊक होतं. त्यानं मालकाला विचारलं नाही. क्लच सुटू लागला, जीपनं अंग झटकलं, साखळी ताणली गेली, चाक बोटभर फिरलं...

खट्-खट्.

काच नव्हे.

पुंडलिकरावांनी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चावी फिरवली. इंजिन मेलं.

हॉर्नही थांबला. बांधावरचं हसू थांबलं. नुसतं पाण्याचं ऐकू येत होतं.

"वच्छला..."

उत्तर नाही.

नाल्याकाठच्या त्या चिखलात पुंडलिकरावांनी पहिल्यांदा पाय ठेवला. गुडघ्यापर्यंत आत गेले. बॉनेटला धरून, पुढून फिरून डाव्या बाजूला आले.

वच्छलाबाई चाकाशी उकिडव्या बसल्या होत्या. पदर चाकात गुंडाळला जाऊन गळ्यापाशी ताणला होता. आणखी बोटभर चाक फिरतं, तर... डावा हात हबवर टेकलेला. पंजा कोणीतरी मिटून धरावा तसा चेपलेला. डोळे उघडे. पण त्या नवऱ्याकडं बघत नव्हत्या. समोर बघत होत्या, कोणीतरी अगदी जवळ बसलं असावं तशा.

"सोड म्हणा तिले," त्या हळूच म्हणाल्या.

"कोणाले?"

"बांगड्या भरून देऊन राह्यली. म्हणते... हात ढिला सोड, बाई, दुखत नाही."

पुंडलिकरावांनी जीपमधल्या कोयत्यानं पदर कापला. बायकोला ओढून बाजूला घेतलं. तिच्या डाव्या हातातल्या काचेच्या सगळ्या बांगड्या चिखलात पडल्या होत्या, बारीक चुरा होऊन. हातावर मात्र ओरखडा नव्हता.

चिखलात तिची पावलं होती. आता त्यांची होती. तिसरी नव्हती.

बॉनेट पहिल्यासारखंच स्वच्छ.

पिंटूची गाडी मग ट्रॅक्टरनं ओढली. ओढताना पुढचा बंपर नाल्यातच राहिला. तरी कोणी हसलं नाही. दहीभात तसाच परत आला.

घरी आल्यावर पुंडलिकरावांनी पोतं उपडं केलं. बेअरिंग, सील, वायसर, सगळं होतं. डावं हबही होतं. ग्रीसमध्ये बोटभर रुंद खाच होती.

तुकडा नव्हता.

हात धुतल्यावर वच्छलाबाईंच्या डाव्या मनगटावर एक पट्टा दिसला. पांढरा, बोटभर रुंद. जाड बांगडी जन्मभर घालून काढल्यावर खालची कातडी उन्हावाचून राहते ना, तसा. वच्छलाबाईंनी तसली बांगडी कधी घातलेली नव्हती.

हब घेऊन पुंडलिकराव पांढरकवड्याला गेले. जहीरनं ते लांबूनच ओळखलं.

"घे बापा, गाडून टाक."

जहीरनं दोन्ही हात फडक्यात गुंडाळले. "तवा मी मागत होतो, काकाजी. तवा थे नुसतं लोखंड होतं. आता मी हात नाही लावत."

मग ते राजूरला गेले. ज्याचं त्याला द्यावं, एवढाच विचार. टपरीबाहेरचं बाकडं रिकामं होतं. बाकड्याखाली जुन्या चपला, शेजारी शेजारी, नीट लावून ठेवल्यासारख्या.

"कुठी गेला रामलाल?"

"गेला," बेबीताई म्हणाल्या. त्या दिवसासारख्या आज बोलत नव्हत्या. "मी दूध तापवून राह्यली होती. टपरीच्या टिनावर थाप वाजली. मी म्हतलं, पोट्टे असतीन. मंग आणखीन एक वाजली. रामलाल उठला. तोंड पुसलं. 'चालो' म्हणला, आन् गेला. अनवाणी. त्याच्या तांड्यावर नाही, ठेकेदाराकडं नाही. कोठीच नाही."

"कवाची गोष्ट?"

"वेचणीचा मुहूर्त होता ना तुमच्याकडं? त्याच दुपारी."

पुंडलिकरावांनी हब बाकड्याखाली, चपलांजवळ ठेवलं आणि परत आले. मागं वळून पाहिलं नाही.

ती दुसरी थाप कोणासाठी होती? आपल्या बायकोला घेण्यासाठी, की बिजलीबाईच्या नवऱ्याला बोलावण्यासाठी? आणि बायकोला आपण पदर कापून सोडवलं, का जीप थांबल्यामुळं बिजलीबाईच तिला सोडून गेली? पुंडलिकराव ओट्यावर बसून हेच उलटंपालटं करत असतात. वच्छलाबाईंना विचारलं तर त्या म्हणतात, "मले काही आठवत नाही." आणि मनगट पदराखाली घेतात.

आता आकडे जुळवू.

पिंटूचा बंपर गेला आणि बहिणीकडं येणं गेलं. जहीरनं जुन्या जीपा घेणं सोडलं, म्हणजे त्याचं निम्मं गिऱ्हाईक गेलं. रामलाल गेला. वच्छलाबाईंच्या डाव्या हातात तेव्हापासून बांगडी टिकत नाही. कासार येतो, हिरवा चुडा भरतो, चार घरं पुढं जातो... आणि दुपारी, बाई नुसती बसलेली असताना, कुठं न आपटता, आतून आवाज येतो.

टच्.

बाईच्या हातातली बांगडी कोणाच्या नावाची असते, हे पुंडलिकरावांना समजावून सांगायची गरज नाही. आवाज आला की ते छातीवर हात ठेवतात आणि तसेच बसून राहतात.

जीप गोठ्यामागं चाकं काढून उभी आहे. बॉनेट त्यांनी भंगारात घातलं. त्यानंतर थाप घराच्या टिनाच्या दारावर येऊ लागली. रोज नाही. कधीतरी, भर दुपारी.

एकच.

ज्यांनी काहीच घेतलं नव्हतं, त्या सगळ्यांनी भरलं. ज्यानं बिजलीबाईची मजुरी फुकट घेतली, तोच तेवढा बाकी आहे. त्याला सध्या थांब म्हटलंय.